घोषणेतलं कारवार

"बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा मला पाढ्यांच्या आधी पाठ होती, 1 नोव्हेंबरला, बेळगाव महाराष्ट्राबाहेर ठेवल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत बाबांच्या सायकलच्या दांड्यावर बसून घसा बसेपर्यंत ओरडलोय. त्यातलं बेळगाव म्हणजे घरच, निपाणीला पाहुणे आहेत म्हणून वर्षातून चारदा जाणं होतं, बिदर-भालकी लै लांब म्हणून सोडून द्या. पण कारवार? चाळिशी ओलांडली तरी एकदा पण गेलो नव्हतो. समुद्र म्हटला की आम्हा बेळगाववाल्यांची गाडी आपोआप चोर्ला घाट धरते आणि गोव्यात उतरते. अर्ध्या बेळगावला गोव्यातल्या बीचची नावं ओळीनं म्हणून दाखवता येतील, कारवारात किती बीच आहेत विचारा, गप बसतील. मीही त्यातलाच.

ह्या वेळी कारवार ठरलं ते आईमुळे. बारा वर्षांपूर्वी कळंगुटला आई घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, फोटोसाठी पाठ समुद्राकडं केली आणि मागनं लाट आली. पडली, नाकातोंडात पाणी गेलं, एक चप्पल गेली, आणि उठेपर्यंत दुसऱ्या लाटेनं परत लोळवली. मी आणि बाबांनी हात धरून बाहेर काढलं. लागलं काही नाही, पण तेव्हापासून समुद्रावर गेलं की आईचं काम ठरलेलं, चटईवर बसायचं आणि सगळ्यांच्या बॅगा, मोबाईल, चपला राखायच्या. "तुम्ही जावा, मी हितनं बघते." दरवेळी हेच. आता ती 68 वर्षांची आहे आणि बाबा नाहीत.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडमध्ये एक फिटर आहे, कारवारकडचा. त्याच्याशी बोलता बोलता विषय निघाला तर तो म्हणाला, साहेब आमच्याकडं घेऊन या की त्यांना, आमचा समुद्र तळ्यासारखा आहे. मी म्हटलं समुद्र कसा रे तळ्यासारखा असेल. तो म्हणाला या तर खरं. 26 जानेवारी सोमवारी आलेली, शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळत होते. निघालो.

शनिवार

पहाटे साडेपाचला गाडी काढली. मी, बायको, आई आणि नऊ वर्षांची पोरगी. खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, मग अणशी घाट उतरून कद्रा आणि तिथनं कारवार असा रस्ता. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आतच आहे पण आकड्यावर जाऊ नका, जंगलातनं वळणं घेत जायचं असल्यामुळं आम्हाला चहा-नाष्टा धरून पाच तास लागले. लोंढ्यापर्यंत धुकं एवढं की पुढच्या टेम्पोचा लाल दिवा बघूनच चालवत होतो.

जोयड्याला थांबलो. इथले कुणबी लोक कंदं पिकवतात, मुडली म्हणून एक कंद असतो, बाहेरनं हत्तीच्या पायासारखा दिसतो पण उकडून मीठ लावून खाल्ला तर बटाट्याला कुणी विचारणार नाही. टपरीवर एक बाई विकायला बसली होती. आईनं दोन किलो घेतले. मी म्हटलं येताना घेऊया की, आत्ताच कशाला, तर "येताना असतंय म्हणून कुणी सांगितलंय" हे उत्तर. आणि खरंच, सोमवारी येताना तिथं कुणीच नव्हतं.

काळी नावाची नदी ह्या जोयडा तालुक्यातच डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि 184 किलोमीटर जाऊन कारवारला समुद्राला मिळते. आम्ही कॉलेजात असताना गणेशगुडीला राफ्टिंगला जायचो ती हीच काळी, सुपा धरणाच्या खालची. पण ही नदी शेवटी कुठं जाते ह्याचा विचार त्या वयात कोण करतंय. नदीवर धरणांची रांगच आहे, सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा. आणि कद्र्याच्या वरच्या अंगाला कैगा. पोरीला सांगितलं की तिथं 4 अणुभट्ट्या आहेत, प्रत्येकी 220 मेगावॅटच्या, आणि त्यातली पहिली 2016 ते 2018 मध्ये सलग 962 दिवस न थांबता चालली, तेव्हाचा जागतिक विक्रम होता तो. ती म्हणाली मग दमली नाही का. आमच्या शेडमधला कंप्रेसर सलग नऊ दिवस चालला तर आम्ही नारळ फोडतो, त्यामुळं मला तरी 962 म्हणजे देवाचीच कृपा वाटते.

अणशी घाट उतरला की हवा बदलते. स्वेटर निघाले, काचा खाली आल्या. कद्र्याच्या पुढं नदी रुंद रुंद होत जाते आणि मग माड सुरू होतात. आई तोपर्यंत झोपली होती ती माडं बघून उठली आणि म्हणाली, आलं काय गोवा?

साडेदहाला कारवारात. लॉज आधी फोनवर बोलून ठेवलं होतं, "सी व्ह्यू" म्हणून सांगितलेलं. खोलीच्या खिडकीतनं दिसत होती शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. गच्चीवर गेलं की सी, आणि खोलीत व्ह्यू, असं काहीतरी गणित असावं. गरम पाणी सकाळी सहा ते सात. नाव सांगत नाही, माणूस बिचारा बोलायला चांगला होता.

शहर छोटंसं आहे. दुकानांच्या पाट्या कन्नड, माणसं बोलतात कोकणी, आणि आपण मराठीत बोललो की मराठीत उत्तर. 1862 पासून 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे नंतरच्या मुंबई राज्यात होता, मराठी शाळा होत्या, जुनी माणसं त्याच शाळांतनं शिकलेली. लॉजच्या खाली किराणा दुकानात एक आजोबा बसले होते, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. बेळगावचे म्हटल्यावर त्यांनी बसायला स्टूल दिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजिबात माहीत नव्हतं. कारवार मुंबई इलाख्याला जोडलं त्यामागं मोठं कारण होतं कापूस. आपल्या धारवाडकडचा कापूस कारवार बंदरातनं मँचेस्टरला न्यायचा बेत होता, त्यासाठी इथं मोठं बंदर करायचं आणि वर हुबळीपर्यंत रेल्वे न्यायची. ती रेल्वे झालीच नाही. 1880 च्या दशकात पोर्तुगीजांच्या मुरगावातनं कॅसलरॉक-लोंढ्याला रेल्वे आली आणि माल तिकडनं जायला लागला. हुबळी-अंकोला रेल्वेची चर्चा अजून चालूच आहे. आजोबा म्हणाले, "तुमच्याकडची माणसं गोव्याला का जातात? रूळ तिकडं गेले म्हणून." मला हे एकदम पटलं. आमचे आजोबा पण लोंढ्याला गाडी बदलूनच गोव्याला जायचे, ती सवय आमच्या रक्तात उतरली आणि कारवार नुसतं घोषणेत राहिलं.

दुपारी जेवून झोप काढली, चारला बीचवर. रवींद्रनाथ टागोर बीच. उत्तरेला काळीचं मुख, दक्षिणेला बैतखोल बंदर आणि त्याच्यामागं समुद्रात घुसलेला कारवार हेडचा डोंगर, आणि मधी ही विळ्यासारखी वाळू. समोर बेटं. कुर्मगड, देवगड ज्याच्यावर दीपगृह आहे, मध्यलिंगगड, आणि दक्षिणेला लांब अंजदीव. टागोरांचं नाव का, तर त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथं जिल्हा न्यायाधीश होते, आयसीएस झालेले पहिले भारतीय तेच. 1880 च्या दशकात रवींद्रनाथ विशीत असताना भावाकडं राहायला आले आणि इथंच त्यांनी एक नाटक लिहिलं.

आणि समुद्र. फिटर खोटं बोलला नव्हता. लाट येते पण ती येऊन आपटत नाही, पसरते. गोव्यात कसं लांबनंच धडाम्-धडाम् ऐकू येतं, इथं जवळ जाईपर्यंत आवाजच नाही, रंकाळ्यावर वाऱ्यानं पाणी काठाला लागतं तेवढाच. पोरगी हिरमुसली, "पप्पा, लाटा कुठायत?" आई काहीच बोलली नाही. चटई टाकली, बॅगा मांडून बसली. पण मी बघत होतो, ती फोन बघत नव्हती, पाण्याकडंच बघत होती.

बीचवरच आयएनएस चपल ठेवलीय, नौदलाची मिसाईल बोट, 1976 ला दाखल झाली आणि 2005 ला निवृत्त, आता म्युझियम. आत जिने एवढे उभे आणि दारं एवढी बुटकी की मी दोनदा डोकं आपटलं. आत कॅप्टन वगैरेंचे पुतळे करून ठेवलेत, अंधारात एकदम समोर आला की दचकायला होतं. शेजारी टुपोलेव विमान पण आहे, अवाढव्य. चार इंजिनं, आणि प्रत्येक इंजिनाला एकामागं एक असे दोन पंखे, एक इकडं फिरणार एक तिकडं. मी हायड्रॉलिकवाला माणूस, मी त्या पंख्यांखालीच अर्धा तास उभा. बायको म्हणाली चला आता, त्याला नट लावून द्यायला बोलावलं नाही तुम्हाला.

रात्री जेवण. ह्याच्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे पण आवरतो. तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, काणे रवा फ्राय, बांगड्याची हुमण. हुमणात तिरफळं होती, आई तिरफळ खात नाही पण वास घेत राहिली.

रविवार

पहाटे सहाला मी एकटाच बैतखोलला गेलो. म्हणतात की हे नाव अरबी आहे, सुरक्षित खाडी असा काहीतरी अर्थ. पटण्यासारखं आहे, कारण डोंगराच्या कुशीत हे बंदर असं बसलंय की नैऋत्येचा वारा अंगावर येतच नाही. पर्सिन बोटी, म्हणजे मोठ्या वेढ्याच्या जाळ्यावाल्या यांत्रिक बोटी, लागत होत्या, क्रेटच्या क्रेट खाली, बर्फ फोडायचं मशीन घरघरतंय, पायाखाली सगळं चिकट, डिझेलचा आणि मासळीचा मिळून एक वास. लिलाव बघत उभा राहिलो, बोटांच्या खुणा आणि कोकणी आकडे, मला एक पण कळला नाही. एका म्हाताऱ्याला विचारलं पावसात काय करता, तर म्हणाला जून-जुलै बंदी असते, दोन महिने जाळी शिवायची. आणि पावसात हा समुद्र पण तळं राहत नाही हं, हे पण त्यानं सांगितलं. हे लिहून ठेवतो कारण कुणीतरी हे वाचून जुलैत पोराबाळांना घेऊन जाईल.

ही सुरक्षित जागा आजची नाही. 1498 मध्ये वास्को द गामा परत जाताना समोरच्या अंजदीवला जहाजं दुरुस्त करायला थांबला होता. 1638 मध्ये इंग्रजांनी कारवारजवळ वखार घातली, मिरी आणि मलमलीसाठी. आणि 1665 मध्ये बसरूरची मोहीम करून परत येताना शिवाजी महाराज इथं आले, तेव्हा वखारवाल्यांनी 112 पौंड वर्गणी भरून आपली सुटका करून घेतली. आता त्याच पट्ट्यात, अरग्याला नौदलाचा तळ आहे, आयएनएस कदंब, 2005 पासून. अंजदीव पण त्यांच्याकडंच, तिकडं आपल्याला प्रवेश नाही. खरं तर सगळ्यात शांत पाणी त्याच बाजूला आहे. तिथल्या गावांना उठून जावं लागलं, चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला आमचं घर तिथं होतं, आणि बोटानं डोंगराच्या पलीकडं दाखवलं. पुढं काही बोलला नाही, मी पण विचारलं नाही.

नऊला कोडीबागच्या धक्क्यावर. होडीवाल्याशी आदल्या दिवशीच बोललो होतो, देवबागला सोडायचं, बेटांच्या बाजूनं एक फेरी मारायची, आणि आणायचं. त्यानं बजावून सांगितलं होतं, "अकराच्या आत परत फिरायचं, मग सुकती लागते." सुकती म्हणजे ओहोटी. मी होय होय म्हटलं.

आई होडीत बसायलाच तयार नव्हती. लाईफ जॅकेट घातलं तर ते नऊवारीवर... म्हणजे आई गोलच साडी नेसते, पण त्यावर ते नारिंगी जॅकेट, आणि वरनं कपाळावर पदर. पोरगी हसून हसून बेजार. होडीवाला साठीचा असेल, त्यानं आईचा हात धरून बसवलं आणि कोकणीत काहीतरी म्हणाला, ज्याचा अर्थ माझी आई पण अशीच भित्री होती असा असावा. आईनं त्याला बेळगावी मराठीत उत्तर दिलं. पुढं दोन तास हे असंच चाललं, तो कोकणीत, ही मराठीत, आणि दोघांना सगळं कळत होतं.

काळीच्या मुखातनं बाहेर पडलो. डाव्या हाताला कारवार, उजव्या हाताला सदाशिवगडचा डोंगर, मागं पूल. जुना पूल 7 ऑगस्ट 2024 च्या रात्री नदीत कोसळला ते बातम्यांत बघितलं होतं, एक लॉरी पडली होती, ड्रायव्हर वाचला. होडीवाला म्हणाला त्या रात्री आवाज आला तेव्हा आम्हाला वाटलं डोंगर आला खाली.

सकाळचा वारा डोंगराकडनं समुद्राकडं वाहतो म्हणून पाणी सपाट, दुपारनंतर उलटा फिरतो आणि मग पाणी थोडं फुगतं, हे पण त्यानंच सांगितलं. बाहेरची लाट आधी बेटांवर आणि डोंगराच्या नाकावर आपटते, तिथंच तिचा जोर जातो, आत येते ती उरलेली. कुर्मगडाला वळसा घालताना त्यानं इंजिन बंद केलं. कासवासारखं बेट, वर नरसिंहाचं देऊळ, पौष पौर्णिमेला जत्रा भरते आणि सगळं गाव होड्यांतनं येतं, ती होऊन गेली होती. इंजिन बंद झाल्यावर एकदम जी शांतता पसरली त्यात "फुस्स" असा आवाज आला. डॉल्फिन. उडी-बिडी काही नाही, नुसती करडी पाठ वर आली आणि गेली, परत थोडं पुढं. आई म्हणाली, "म्हैस डुंबल्यासारखं दिसतंय की गे." पोरीला हे अजिबात आवडलं नाही.

देवबागला सुरूची झाडं, वाळू पांढरट आणि घट्ट, माणसं कमी. आम्ही सोबत आणलेले पोहे खाल्ले, बायकोनं फोटो काढले, पोरीनं किल्ला केला, त्याला आमच्या बेळगावजवळच्या किल्ल्याचं नाव दिलं, यळ्ळूरगड. अकरा कधी वाजले कळलंच नाही. निघालो तेव्हा बाराला दहा कमी. चूक आमचीच.

मुखाजवळ येताना खालनं एक खरखर आवाज आला आणि होडी थांबली. दोन्ही काठ लांब, चहूबाजूला पाणीच पाणी, आणि आम्ही वाळूवर. होडीवाला काही न बोलता टुणकन उतरला तर पाणी त्याच्या गुडघ्याला! भर नदीत, गुडघ्याएवढं. त्यानं खांदा लावला, मी पण पँट वर करून उतरलो. हायड्रॉलिक जॅक विकणारा माणूस हातानं होडी ढकलतोय. वीतभर सरकली आणि परत बसली. पायाखालची वाळू ओढीनं निसटत होती, पाणी गुडघ्याएवढंच पण समुद्राकडं खेचत होतं, घोट्याला कुणी दोरी बांधून ओढल्यासारखं. थोडं पलीकडं पाण्याचा रंग एकदम काळपट होता, तिथं चॅनेल, तिथं खोल. होडीवाला म्हणाला, ह्याच्यामुळंच मुखाजवळ कुणी पोहायचं नाही, वरनं शांत दिसतं, सुकतीला माणूस बाहेर जातो. पोहायचं तर बैतखोलच्या बाजूला जावा.

चाळीस मिनिटं तशीच गेली. त्यानं आम्हा सगळ्यांना होडीच्या मागच्या बाजूला बसवलं म्हणजे पुढचं टोक हलकं होईल, बांबूनं रेटा दिला, परत उतरला, परत चढला. लांब काठावर चिखलात बायका वाकून पायानं चाचपून तिसऱ्या काढत होत्या, पाय रुतवायचा, टाचेला कठीण लागलं की हात घालायचा, टोपलीत टाकायचं. आमच्याकडं बघून त्यातली एक ओरडली, बाकीच्या हसल्या. होडीवाल्यानं पण काहीतरी ओरडून उत्तर दिलं, ते काय होतं ते त्यानं भाषांतर करून सांगितलं नाही.

आणि आई? मला वाटलं घाबरली असेल. ती होडीच्या काठावरनं वाकून खाली बघत होती. पाणी नितळ, खाली वाळूच्या वळ्या दिसत होत्या, एक बारका खेकडा तिरका तिरका पळाला. तिनं हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत. "एवढंच आहे होय पाणी," म्हणाली. मग होडीवाल्याला, "मामा, मी उतरू काय?" तो म्हणाला नको, इथं नको. ती म्हणाली बरं. पण हात काही बाहेर काढला नाही, होडी सुटेपर्यंत.

दुपारी तिळमातीला गेलो ते फार लांबवत नाही. माजाळीच्या पुढं, गोव्याच्या हद्दीला लागून, गाडी ठेवून डोंगरावरनं चालत जायचं. आई आणि बायको माजाळीच्या बीचवरच थांबल्या, मी आणि पोरगी गेलो. बारकीशी जागा आहे, दोन्ही बाजूला काळे खडक, आणि वाळू खरंच काळी, तिळासारखी दाणेदार. ओंजळीत घेतली की धूळ नाही, दाणे वेगळे. पोरीनं खिशात भरली, मी परत टाकायला लावली, थोडी राहिलीच. इथं पाणी मात्र उघडं आहे, खडकावर जोरात येतं, आत जाऊ नका. पोरीला हाच बीच सगळ्यात आवडला, लाटा होत्या ना.

सदाशिवगडला संध्याकाळी नुसतं डोकावलो. सोंद्याच्या राजानं बापाच्या नावानं बांधलेला किल्ला, आता हायवेच डोंगर कापून त्याच्यातनं जातो. वरनं नदी, पूल, खाडी सगळं दिसतं, सूर्य समुद्रात गेला, मोबाईलची बॅटरी संपली होती म्हणून फोटो नाही.

सोमवार

सकाळी साडेसहाला आईनंच उठवलं. "चल, बैतखोलच्या बाजूला जाऊया म्हणालेला की तो." बायको आणि मी एकमेकांकडं बघितलं. गरम पाण्याचा तास सोडून आम्ही बीचवर.

दक्षिण टोकाला रापण लागली होती. अर्ध्या समुद्राला वेढा घालून जाळं टाकलेलं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या काठावर ओढत होते, एका दोरीला पंधरा-वीस माणसं, मागं रेलून, टाचा वाळूत रोवून, एक पाऊल मागं, परत एक. म्हातारी माणसं पण होती, शाळेतली पोरं पण, 26 जानेवारीच्या गणवेशात, झेंड्याला जायच्या आधी आलेली. पोरगी जाऊन दोरीला लटकली, कुणी हाकललं नाही. तास गेला तेव्हा जाळ्याचं पोट काठाला आलं. मला वाटलं टनभर मासळी असेल. तारली, थोडे बांगडे, खेकडे आणि बरीचशी जेलीफिश, ती बाजूला फेकत होते. एक माणूस म्हणाला आता मासळी राहिली नाही, पर्सिनवाले लांबच उचलतात. तरी पोरीच्या हातात त्यांनी चार तारल्या ठेवल्या, दोरी ओढल्याचा वाटा.

ह्या सगळ्यात आई कुठं गेली म्हणून वळून बघतोय तर चटईवर बॅगा आहेत आणि आई नाही. काळजात धस्स झालं. बघतोय तर ती पाण्यात. एकटी. साडीचा काष्टा मारल्यासारखा खोचलेला, पोटरीपर्यंत पाणी, हळूहळू पाय चाचपत पुढं. कालच्या तिसऱ्यावाल्या बायकांसारखं. मी पळत गेलो तर म्हणाली, "थांब तू तिथंच. हात धरू नको." गुडघ्यापर्यंत गेली, थांबली. एक लाट आली, म्हणजे लाट कसली, पाणी थोडं वर आलं आणि खाली गेलं. आई हलली पण पडली नाही. अजून दोन पावलं. मांडीपर्यंत. मग ती चक्क खाली बसली. पाणी गळ्यापर्यंत आलं, साडी फुगून वर आली, तिनं ती दोन्ही हातांनी दाबून खाली बसवली, आणि तशीच बसून राहिली, समुद्राकडं तोंड करून.

पाण्यावर डिझेलचा बारका तवंग होता, बंदर जवळ आहे ते असणारच. लांब शाळेतनं जन-गण-मन ऐकू आलं. आई ते संपेपर्यंत पाण्यात उठून उभी राहिली, भिजलेली, हात सरळ, आणि संपल्यावर परत बसली.

बॅगा राखायला बायको बसली. मी पण तिच्याशेजारी बसलो. अर्ध्या तासानं आई आली, ओठ निळे पडलेले, दात वाजत होते. "खारट आहे लै," एवढंच म्हणाली. मग टॉवेलनं केस पुसता पुसता, "तुझे बाबा असते तर बोलले असते मला."

परत जायच्या आधी मासळी मार्केट. आईनं इसवण निवडला, कल्ले उघडून बघितले, डोळे बघितले, पोटाला बोट लावून बघितलं, जसं काही आयुष्य बंदरावरच गेलंय. कोळीण "ताजें आसा गे बाय" म्हणते आणि ही "ते मला दिसतंय, भाव सांग" म्हणते. थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून घेतला, वर बांगडे, त्यावर पोरीच्या चार तारल्या वेगळ्या पिशवीत. डिकीत मागच्या मुडल्या होत्याच. ओली साडी मागच्या खिडकीत अडकवून, एक टोक आत एक टोक बाहेर, तशीच अणशी घाटापर्यंत फडफडत आणली. घाटात एक माकड तिच्यावर झेपावलं तेव्हा ओढून आत घेतली.

लोंढ्याजवळ चहाला थांबलो. समोरनं मालगाडी चाललेली, गोव्याच्या बंदरातनं कोळसा घेऊन वर जाणारी. पोरगी डबे मोजत होती. मी आईला त्या दुकानवाल्या आजोबांची कापसाची गोष्ट सांगितली, ही रेल्वे कारवारला जाणार होती वगैरे. आई ऐकत होती की नाही माहीत नाही, ती वाकून गाडीच्या मागं बघत होती.

"अरे, बर्फ गळायलाय बघ की डिकीतनं. आटप लवकर."

पोरगी म्हणाली अठ्ठावन्न, आणि अजून संपली नव्हती.